ॲप बसत नाही तेव्हा

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रातील शेतकऱ्याने आपल्या वावरात उभे असलेले पीक स्वतःच्या मोबाइलवरून नोंदवावे, अशी ई-पीक पाहणीची व्यवस्था राज्यभर अमलात आली, आणि गाव नमुना बारामधील ज्या नोंदी पिढ्यानपिढ्या तलाठ्याच्या हस्ताक्षरात होत आल्या, त्यांचा आरंभ एका ॲपच्या स्वाधीन झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला केवळ चेहरा दाखवून घरबसल्या सादर करण्याची सोय झाली. मात्र त्यासाठी मोबाइलमध्ये दोन ॲप्स असावी लागतात, एक जीवन प्रमाणचे आणि दुसरे आधारशी चेहऱ्याची पडताळणी करणारे, ‘आधार फेस आरडी’ या नावाचे. अशा मुदतबंद कामाच्या ऐन वेळी मोबाइल ‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’ एवढेच शब्द उमटवून थांबतो, तेव्हा त्या नकाराची झळ करमणुकीला नव्हे, प्रपंचाला लागते. निकाल द्यावयाचा आणि निकालाची कारणे सांगावयाची नाहीत, ही या यंत्रांची रीत मला अन्यायाची वाटते. कारण तिच्यामुळे भांबावलेला माणूस हाताला येईल ते पुसत सुटतो, किंवा मोबाइल दुकानात नेऊन देतो आणि ‘फॉरमॅट मारावा लागेल’ या एका वाक्यापुढे मान तुकवून वर्षानुवर्षांची छायाचित्रे गमावून बसतो. वास्तविक नकाराला बहुधा नेमके कारण असते, आणि ते कोणत्या क्रमाने शोधावे हे ठाऊक असले, तर बहुतेक अडचणी घरच्या घरी, काहीही न गमावता, दूर होऊ शकतात.

ॲपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी उघडले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गूगलने अँड्रॉइडसाठी काढलेल्या बाजाराचे ६ मार्च २०१२ रोजी ‘गूगल प्ले’ असे नामांतर झाले. आपल्याकडील बहुसंख्य मोबाइल अँड्रॉइडचे असल्यामुळे येथील विवेचन मुख्यतः त्याच प्रणालीचे आहे. अँड्रॉइडवरील ॲप ‘एपीके’ नावाच्या एका दाबून लहान केलेल्या गाठोड्याच्या रूपाने येते. या गाठोड्यात आज्ञावली असते, चित्रे असतात, आणि एक जाहीरनामाही असतो, ज्यात ॲपने आपले नाव, आपली आवृत्ती, आपल्याला किमान कोणते अँड्रॉइड लागते आणि कोणकोणत्या परवानग्या हव्यात, हे आरंभीच लिहून दिलेले असते. तहसील कचेरीत दाखल झालेल्या अर्जाची जशी छाननी होते, तशी मोबाइल या गाठोड्याची छाननी करतो: नमुना बरोबर आहे काय, सही खरी आहे काय, याच नावाची जुनी नोंद आधीच आहे काय, आणि हे सारे ठेवण्यास जागा आहे काय. यांपैकी एका जरी प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले, तरी सगळा अर्ज फेटाळला जातो.

सर्वांत सौम्य तक्रार ‘डाउनलोड पेंडिंग’ ही होय, आणि ती पाहून घाबरण्याचे कारण नाही. पुष्कळदा प्ले स्टोअर त्या वेळी इतर ॲप्सच्या सुधारित आवृत्त्या उतरवून घेत असते आणि आपले ॲप त्यांच्या मागे रांगेत उभे असते. त्या थांबविल्या की आपले काम पुढे सरकते. कधी केवळ वाय-फायवरच डाउनलोड करावे अशी निवड पूर्वी कोणीतरी करून ठेवलेली असते आणि घरात वाय-फाय नसते. ही निवड प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये, नेटवर्कच्या सदरात, बदलता येते. पण ज्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते असे एक कारण म्हणजे मोबाइलमधील चुकीची तारीख. प्ले स्टोअरच्या दूरस्थ संगणकाशी बोलताना मोबाइल त्याचे प्रमाणपत्र तपासतो आणि त्या प्रमाणपत्रावर आरंभाची व समाप्तीची तारीख असते. बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेला जुना मोबाइल पुन्हा चालू झाल्यावर स्वतःला काही वर्षे मागे समजू लागला, तर वैध प्रमाणपत्रही त्याला मुदतीबाहेरचे वाटते आणि तो संभाषणच नाकारतो. तारीख व वेळ आपोआप ठरविण्याची कळ चालू केली की हा गुंता सुटतो.

एवढ्याने भागले नाही तर मोबाइल एकदा बंद करून चालू करावा, आणि मग सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत प्ले स्टोअर उघडून त्याची कॅशे पुसावी. कॅशे म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेली तात्पुरती सामग्री. ती पुसल्याने कोणतेही ॲप किंवा छायाचित्र नाहीसे होत नाही. तिच्याच शेजारी संपूर्ण साठा पुसण्याची जी दुसरी कळ असते, तिच्याविषयी मात्र सावध असावे. प्ले स्टोअरच्या बाबतीत ती दाबली, तर त्यातील आपल्या निवडी तेवढ्या मूळपदावर येतात. परंतु हीच कळ व्हॉट्सॲपच्या पानावर दाबली गेली तर त्या मोबाइलवरील संभाषणे पुसली जातात, आणि ती परत मिळणे हे त्यांची प्रत आधी कोठे ठेवलेली असेल तरच शक्य होते. दोन पानांवरील कळ एकाच नावाची असली, तरी तिचे परिणाम इतके भिन्न आहेत, हे घरातील वडीलधाऱ्यांना सांगून ठेवणे अगत्याचे आहे.

जागेचा प्रश्न अधिक खोल आहे. ॲप चाळीस एमबीचे आहे आणि मोबाइलमध्ये साठ एमबी मोकळे आहेत, तरी ते का बसत नाही, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे की, उतरलेले गाठोडे, त्यातून बाहेर काढलेली सामग्री आणि मोबाइलच्या प्रोसेसरला अनुकूल अशी करून ठेवलेली आज्ञावली, या सर्वांना मिळून जागा लागते. शिवाय जुन्या ॲपची नवी आवृत्ती येत असेल, तर नवी पूर्णपणे स्थिरस्थावर होईपर्यंत जुनी हटविली जात नाही, आणि मोकळ्या जागेतील काही हिस्सा प्रणाली स्वतःच्या निर्वाहासाठी राखून ठेवते. म्हणून ॲपच्या जाहीर आकाराच्या कित्येक पट जागा मोकळी असणे इष्ट. ही जागा खाणारे आपल्या देशात बहुधा एकच असते: व्हॉट्सॲपवरून दररोज येणारी शुभेच्छाचित्रे आणि चित्रफिती. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने ‘फाइल्स गो’ हे साफसफाईचे ॲप काढले, त्यात सुप्रभातची चित्रे हुडकून ती एकदम पुसण्याची सोय ठेवावी लागली. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येही साठ्याचे व्यवस्थापन करणारे एक पान आहे. तेथे मोठ्या आकाराच्या आणि वारंवार पुढे पाठविलेल्या फाइली वेगळ्या काढून दाखविलेल्या असतात, आणि ॲप्स काढून टाकण्याआधी या पानापासून आरंभ करणे केव्हाही श्रेयस्कर.

जागा आहे, तारीख बरोबर आहे, आणि तरीही ‘हे ॲप आपल्या उपकरणाशी सुसंगत नाही’ असा निर्वाळा मिळतो, तेव्हा जाहीरनाम्यातील किमान आवृत्तीची अट आडवी आलेली असण्याचा संभव अधिक. मोबाइलला आणखी अद्ययावत अँड्रॉइड उपलब्ध असेल तर ते घ्यावे; निर्मात्याने त्या मोबाइलचा सांभाळ सोडून दिला असेल, तर मात्र त्यावर न्याय्य उपाय नाही, आणि चांगल्या स्थितीतील यंत्र केवळ या कारणाने निकामी व्हावे, ही गोष्ट मला उद्वेगजनक वाटते. याच्या उलट प्रकारही आहे, आणि तो पुष्कळांना चकित करतो: मोबाइल नवा कोरा, पण वर्षानुवर्षे वापरलेले जुने ॲप त्यावर बसत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पिक्सेल ७ पासून केवळ ६४-बिट आज्ञावली चालविणारे मोबाइल येऊ लागले. ३२-बिटमध्येच राहिलेली ॲप्स त्यांवर चालत नाहीत. पुढे २०२३ च्या अँड्रॉइड १४ ने, २०१५ च्या अँड्रॉइड ६ पूर्वीच्या नियमांना अनुसरून बनविलेली ॲप्स नव्याने बसविण्यास मज्जाव केला. त्यामागचा हेतू समजून घेण्यासारखा आहे. अँड्रॉइड ६ पासून संपर्कसूची, कॅमेरा, एसएमएस यांसाठी ॲपला प्रत्यक्ष वापराच्या वेळी एकेक परवानगी मागावी लागू लागली. तत्पूर्वी ॲप बसविताना सर्व परवानग्या एकगठ्ठा दिल्या जात. या जुन्या सवलतीचा लाभ उठविण्यासाठी दुष्ट हेतूची ॲप्स मुद्दाम स्वतःला जुनी म्हणवून घेत, म्हणून ती वाटच बंद करण्यात आली.

आता सहीविषयी; कारण नकाराचे सर्वांत दुर्बोध आणि माझ्या मते सर्वांत उपकारक कारण हेच आहे. प्रत्येक ॲपवर त्याच्या निर्मात्याची गणिती मोहर असते. ती ज्या गुप्त किल्लीने उमटते ती निर्मात्यापाशी, किंवा त्याच्या वतीने गूगलपाशी, सुरक्षित असते, आणि गाठोड्यातील अगदी क्षुल्लक भाग जरी बदलला तरी मोहर जुळेनाशी होते. पूर्वी ही किल्ली हरविलेल्या निर्मात्याला आपल्याच ॲपची सुधारित आवृत्ती देता येत नसे. त्याला नव्या नावाने पुन्हा आरंभ करावा लागे, इतका हा नियम कठोर आहे. म्हणून एखाद्या ॲपची मूळ प्रत प्ले स्टोअरवरून घेतलेली असेल आणि नवी आवृत्ती कोणीतरी अन्य ठिकाणाहून दिली असेल, तर दोघांची मोहर जुळत नाही आणि मोबाइल नवीला आत येऊ देत नाही. जुने काढून टाकल्यावर नवे बसते हे खरे, परंतु जुन्याबरोबर त्याने जपलेली सामग्रीही जाते. तेव्हा नोंदींची प्रत घेतल्याशिवाय, आणि नवी प्रत अस्सल आहे याची खातरी पटल्याशिवाय, असे करू नये. एवढे करूनही हाच नकार कायम राहिला, तर मोबाइलवर दुसरे वापरकर्ता खाते किंवा एखादा सुरक्षित कप्पा आहे काय, हे पाहावे. तेच ॲप तेथे दडून बसलेले असू शकते.

शेजाऱ्याच्या मोबाइलमधून ॲपची फाइल मागून घेण्याची आपल्याकडील जुनी रीतही आता बव्हंशी निरुपयोगी झाली आहे. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणारी नवी ॲप्स एकसंध फाइलीच्या रूपात दिली जात नाहीत. प्रत्येक मोबाइलचा पडदा, प्रोसेसर आणि भाषा पाहून त्याला लागतील तेवढेच भाग पाठविले जातात. शेजाऱ्याकडून येतो तो बहुधा मूळ भाग तेवढाच, किंवा त्याच्या यंत्राच्या मापाचे भाग, आणि आपल्या मोबाइलवर ते अपुरे ठरतात. अर्धवट उतरलेल्या फाइलीचीही हीच गत. ‘पार्स एरर’ असा जो संदेश दिसतो, त्याचा अर्थ गाठोडे मोबाइलला वाचताच आले नाही, इतकाच. आयफोनवर असले प्रसंग कमी येतात; तेथे जागा आणि आयओएसची आवृत्ती पाहावी, मुलांसाठी लावलेल्या स्क्रीन टाइमच्या निर्बंधात ॲप बसविण्यास मनाई आहे काय ते पाहावे, आणि ॲपल खात्यावर जुनी थकबाकी राहिली असल्यास ती भागवावी, कारण तिच्यापायी विनामूल्य ॲपही अडू शकते.

बाहेरून आलेली फाइल बसविण्यासाठी अँड्रॉइड वेगळी परवानगी मागते. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पूर्वी ही एकच सरसकट कळ होती. त्यानंतर ती ॲपनिहाय द्यावी लागते, म्हणजे व्हॉट्सॲपमधून आलेली फाइल बसवावयाची तर व्हॉट्सॲपला तसा अधिकार द्यावा लागतो, आणि काम झाल्यावर तो काढून घेण्याचे बहुधा राहून जाते. चोर नेमके याच दाराने येतात. वाहतूक दंडाचे चलान, पीएम किसानचा हप्ता, बँकेची केवायसी, अगदी लग्नपत्रिका, अशा नावांच्या एपीके फाइली व्हॉट्सॲपवर फिरतात. त्या बसविल्या की एसएमएस वाचण्याची परवानगी मागतात आणि बँकेचा ओटीपी परस्पर अन्यत्र पाठवितात. लग्नपत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके असण्याचे काहीच कारण नाही. अशा फाइलीला मोबाइलने किंवा प्ले प्रोटेक्ट या गूगलच्या सुरक्षा-तपासणीने अटकाव केला, आणि फोनवरचा कोणी गोड शब्दांत ‘ते प्ले प्रोटेक्ट तेवढे बंद करा’ असे सांगू लागला, तर फोन तत्काळ ठेवावा. फाइल बसून गेलीच असेल, तर प्रथम मोबाइलचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर कळवावे, आणि मगच सेटिंग्जमधील संपूर्ण यादीतून ते ॲप काढावे. पडद्यावर त्याचे चिन्ह दिसत नाही म्हणून ते गेले असे समजू नये, कारण चिन्ह लपविणे हा त्यांचा नित्याचा प्रकार आहे. काढण्याची कळ दबत नसेल, तर मोबाइल सेफ मोडमध्ये चालू करून त्याला दिलेला उपकरण-प्रशासकाचा अधिकार आधी रद्द करावा.

राहता राहिला तो फॅक्टरी रीसेट, ज्याची घाई दुकानांत फार होते. त्याआधी प्ले स्टोअरची अद्यतने काढून त्याला मूळ आवृत्तीवर आणणे आणि गूगल खाते मोबाइलमधून काढून पुन्हा जोडणे, हे दोन उपाय करून झालेले असावेत. पैकी दुसऱ्यासाठी पासवर्ड आठवणीत असावा लागतो, आणि केवळ मोबाइलमध्येच ठेवलेले संपर्क आधी तपासून घ्यावे लागतात. रीसेट अपरिहार्यच ठरला, तर छायाचित्रे दुसरीकडे उतरविली आहेत, व्हॉट्सॲपची प्रत घेतली आहे आणि ती कोणत्या खात्यात आहे हे कागदावर लिहिले आहे, एवढे पाहिल्याशिवाय मोबाइल कोणाच्याही हाती देऊ नये. आणखी एक गोष्ट दुकानदार बहुधा सांगत नाही: २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून चोरीला आळा बसावा म्हणून, सेटिंग्जऐवजी बटणे दाबून परस्पर रीसेट केलेला मोबाइल आधीच्याच गूगल खात्याची ओळख मागतो. ते खाते वर्षांपूर्वी पुतण्याने किंवा विक्रेत्याने उघडून दिलेले असेल आणि त्याचा पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नसेल, तर धन्याच्या हातातला मोबाइल धन्यालाच आत घेत नाही. तेव्हा रीसेटचा विचारही मनात आणण्यापूर्वी त्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्या एखाद्या संगणकावर घालून तो चालतो की नाही, हे पडताळून पाहावे.