गोष्ट पडद्यासाठी कशी लिहावी?

श्रोतेहो, वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरसारख्या गावात गोष्टींना तोटा नाही. पऱ्हाटीचे शेत आहे, दुबार पेरणीची धास्ती आहे, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवणारी पोरे आहेत. तोटा आहे तो हे सारे पडद्यासाठी लिहून काढणाऱ्यांचा. आपली गोष्ट आपण लिहिली नाही, तर ती दुसरा कोणी लिहितो. आणि मग आपली बोली नुसती हसण्यापुरती उरते. म्हणून पटकथा लिहायची कशी, ते आज पाहू.

पटकथा म्हणजे पडद्यावर जे दिसणार आणि जे ऐकू येणार, तेवढेच क्रमाने मांडलेले लिखाण. कादंबरीत ‘रामभाऊ मनातून खचला होता’ असे लिहून भागते. कॅमेऱ्याला मन दिसत नाही, बरं का! तेव्हा खचलेला माणूस काय करतो, ते लिहावे. बायको विचारते, ‘वाढू काय जी?’ तो म्हणतो, ‘ठेव झाकून’, आणि उंबऱ्यावरच बसून राहतो. झाले, यात सगळे आले.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा २००९ सालचा चित्रपट पाहा. विषय विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा. भाषणाला भरपूर वाव होता. पण लेखकाने एकच धागा धरला. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला. आता आपला नवराही तसेच करील की काय, या भीतीने बायको त्याच्यावर नजर ठेवते, लहानग्या पोराला त्याच्या मागे धाडते. भीती शब्दांत सांगावी लागत नाही, ती डोळ्यांना दिसते.

दुसरी गोष्ट निवडीची. शिक्षक बंधुभगिनींना ‘श्यामची आई’ ठाऊकच आहे. साने गुरुजींच्या पुस्तकात बेचाळीस रात्रींच्या आठवणी आहेत. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि १९५४ साली त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. वर्गात पुस्तक वाचावे, मग चित्रपट दाखवावा, आणि काय घेतले, काय गाळले याची यादी मुलांकडून करून घ्यावी. पटकथेचा याहून सोपा धडा नाही.

आता प्रत्यक्ष लिखाण. प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर जागा आणि वेळ लिहावी: ‘बाहेर. पऱ्हाटीचे शेत. सकाळ.’ खाली घटना वर्तमानकाळात लिहावी: ‘रामभाऊ बंडी जुंपतो.’ मग बोलणाऱ्याचे नाव आणि त्याखाली संवाद. असे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट. नवख्याने एकदम दोन तासांचा चित्रपट अंगावर घेऊ नये. पाच पानांची छोटी गोष्ट पुरे. लिहून झाले की एकेक दृश्य झाकून पाहावे. त्यावाचून गोष्ट अडत नसेल, तर ते खुशाल गाळावे. संवाद मोठ्याने वाचावेत; जीभ अडखळते तिथे वाक्य आपल्या बोलीतले नाही, असे समजावे.

शेवटी व्यवहाराचे दोन शब्द. नुसत्या कल्पनेवर कायद्याने हक्क सांगता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे ते लिहून काढलेल्या मजकुराला. म्हणून गोष्ट मुंबईला कुणाला ऐकवण्याआधी पूर्ण लिहावी. तिथली स्क्रीनरायटर्स असोसिएशन आपल्या सभासदांच्या लिखाणाची नोंद करून घेते. तारखेचा पुरावा म्हणून ती कामी येते. आणि ‘एवढे पैसे भरा, तुमच्या गोष्टीवर सिनेमा काढतो’ असे कोणी म्हणाले, तर हात जोडून त्याला वाटेला लावावे. लेखकाने मोबदला घ्यायचा असतो, द्यायचा नसतो. सिनेमापायी वावर गहाण टाकू नये.

कागद आणि पेन एवढ्या भांडवलावर हे काम सुरू होते. तेव्हा मंडळी, वेचणीची धांदल सरली की पाच पाने लिहा, आणि पहिल्यांदा आपल्या घरच्यांनाच वाचून दाखवा.