रोप जिवाणू ओळखते कसे?



श्रावणात वादळी पाऊस झाला की थोड्याच दिवसांत भाताच्या पात्याच्या कडा टोकाकडून पिवळ्या पडून वाळू लागतात. हा कडा करपा. तो जिवाणूमुळे होतो. आणि भातानंतर आपण वाल, कुळीथ पेरतो, त्यांच्या मुळांवरच्या गाठी, त्याही जिवाणूच्याच. एक पीक खातो, दुसरा नत्र आणून देतो. झाडाला हा फरक कळतो का?

बराचसा कळतो. शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या झाडाच्या पेशी सुट्या करून बाटलीत, साखर व क्षारांच्या पाण्यात वाढवल्या आणि त्यांत निरनिराळे जिवाणू सोडून पाहिले. कोणताही परका जिवाणू आला की काही मिनिटांतच पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर सोडतात. दवाखान्यात जखमेवर घातले की फेस येतो ना, तेच हे औषध. जिवाणू निरुपद्रवी असेल तर लवकरच सारे शांत होते. कुत्रे एकदा भुंकून परत अंग टाकते, तसे. पण त्या जातीला ज्या रोगजंतूची पक्की ओळख आहे तो आला, तर दीड ते तीन तासांनी पेशी दुसऱ्यांदा खवळतात. ही उसळी बराच वेळ टिकते आणि शेवटी त्या पेशी स्वतःच मरतात. पानात असे झाले म्हणजे तेवढाच ठिपका मरतो, रोग तिथेच अडतो.

खरी गोम पुढेच आहे. जो रोगजंतू झाडाला लागू पडतो, त्याच्या वेळी दुसरी उसळी येतच नाही. झाडाला तो ओळखताच येत नाही, आणि आत शिरल्यावर तो झाडाची हाकाटीही दाबून टाकतो.

जिवाणूच्या शेपटीचा एक बारीक तुकडा हीसुद्धा त्याची खूण असते. स्वित्झर्लंडमध्ये 1999 साली टोमॅटोच्या पेशींवर हे दिसून आले. गाठी धरणाऱ्या रायझोबियमच्या शेपटीत तो तुकडा निराळा असतो, म्हणून त्याला पाहून झाड बिथरत नाही.

तेव्हा कडा करप्यावर पहिला इलाज म्हणजे वाण. आफ्रिकेतील माली देशाच्या रानटी भातात हा जंतू ओळखणारा गुण सापडला. तो घालून 2008 साली 'सुधारित सांबा मसुरी' हा वाण आला. आपल्या खाचराला कोणता प्रतिकारक वाण चालेल, ते शिरगावच्या कृषी संशोधन केंद्रात विचारावे. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे कापू नयेत, जखमेतून जंतू शिरतो. युरिया एकदम ओतू नये, हप्त्याने द्यावा. रोगट खाचराचे पाणी बांध फोडून चांगल्या खाचरात घेऊ नये. रोग पानात मुरल्यावर फवाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही, उगाच पैसे जातात.

वाल-कुळथाला मात्र जिवाणू मुद्दाम द्यावा. त्या पिकासाठीचेच रायझोबियम संवर्धन थंड केलेल्या गुळाच्या पाण्यातून बियांना चोळावे, बी सावलीत सुकवावे व लगेच पेरावे.

कडा करप्याची शंका आली तर रोगट व हिरवा भाग जिथे मिळतो तिथे पाते कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरावे. थोड्या वेळात कापातून दुधाळ धार उतरली, तर जिवाणूच समजावा. वांगी, मिरची उभ्या उभ्या मलूल झाली, तर खोडाचा तुकडा कापून हीच परीक्षा करावी.