वाडीसाठीं हलकी साखळी-करवत

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोंकण किनाऱ्यावर आदळलें आणि रायगड व दापोलीकडील वाड्यांतून नारळी, पोफळी, आंबे आडवे झाले. अशा प्रसंगीं यांत्रिक साखळी-करवतीची उणीव भासते. ती घ्यावयाची तर कोणती, हें आधींच ठरविलेलें बरें.

प्रथम वजन पाहावें. जड यंत्रानें हात लवकर थकतो, आणि थकलेल्या हातांतील करवतीचें टोंक नको तेथें टेकतें. पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग फिरत्या साखळीनिशीं लांकडास लागला, कीं करवत उसळून चालविणाराच्याच अंगावर येते. म्हणून साखळी क्षणांत थांबविणारा ब्रेक जींत नाहीं, ती करवत कितीही हलकी व स्वस्त असली तरी घरीं आणूं नये.

फांद्या व लहान खोडें यांस १२ ते १४ इंचांची पट्टी पुरते. बॅटरीची करवत कमी आवाज करते. दूरच्या व दीर्घ कामास पेट्रोलची सोयीची, मात्र तिच्या इंधनांत उत्पादक सांगेल त्या प्रमाणांत तेल मिसळावें. चिपांऐवजीं पीठ पडूं लागलें, कीं साखळीस धार लावावी. शिडीवर उभें राहून किंवा खांद्याच्या वर करवत कधींही धरूं नये.

आंबा, फणस इत्यादि उभीं झाडें तोडण्यास १९६४ च्या कायद्यानें परवानगी लागते, हेंही ध्यानांत ठेवावें.

शेवटीं, करवत बहुधा गड्याच्या हातीं असते. त्याच्यासाठीं चष्मा, कानांचें आवरण व जाड बूट घेणें हें यजमानाचें कर्तव्य होय. हा खर्च करवतीच्याच किंमतींत धरावा.