जर्मनींत बिऱ्हाड थाटतांना

परदेशीं निघालेल्या मुलाची पेटी भरतांना घरांतील वडील मंडळी लोकरीचे कपडे, लोणच्याच्या बरण्या, मेतकूट आणि कुकर यांची काळजी वाहतात. जर्मनीस जाणाऱ्याच्या बाबतींत ही काळजी बरीचशी वायां जाते. थंडीचे कपडे तेथेंच अधिक चांगले मिळतात. तुरीची डाळ, हळद, हिंग यांस मोठ्या शहरांतील भारतीय दुकानांत तोटा नाहीं. शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं तिकडे जाणाऱ्या कित्येकांनीं पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनांत भाषेचे धडेही गिरविलेले असतात. एवढी सिद्धता असूनही पहिल्या सहा महिन्यांत त्यांची तारांबळ उडविणारी वस्तु निराळीच असते, आणि ती म्हणजे कागद. त्या देशांत माणूस प्रथम पत्त्यानें ओळखला जातो; ओळखदेख, शेजार, मैत्री हें सारें मागाहून येतें.

राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नगरकचेरींत जाऊन प्रत्येकानें आपला पत्ता नोंदविला पाहिजे, असा तेथील कायदा आहे. तो परक्यांप्रमाणेंच जर्मनांसही लागू आहे. या नोंदणीस आनमेल्डुंग म्हणतात. नोंदणीसाठीं पासपोर्टाबरोबर घरमालकाच्या सहीचा एक दाखला लागतो. हा मनुष्य अमुक तारखेपासून अमुक घरांत राहावयास आला, एवढेंच त्यांत असतें. भाड्याचा करारनामा या दाखल्याची जागा घेऊं शकत नाहीं, आणि येथेंच पुष्कळांचें गाडें अडतें. स्वस्त खोली देणारे कांहीं लोक "नोंदणी मात्र होणार नाहीं" असें आधींच बजावतात. भाडें कमी म्हणून नवखा माणूस हो म्हणतो आणि मग त्याचें प्रत्येक काम खोळंबतें. कारण नोंदणी झाल्यावरच अकरा आंकड्यांचा कर-क्रमांक टपालानें घरीं येतो. तो नोकरीच्या कचेरींत वेळेवर न पोंचल्यास पगारांतून सर्वांत चढ्या दरानें कर कापला जाण्याची पाळी येते. विम्याचें कार्ड, बँकेचीं पत्रें, राहण्याचा परवाना हीं सर्व त्याच पत्त्याचा माग काढीत येतात. बर्लिनसारख्या शहरांत नगरकचेरीची वेळ मिळविणें हेंच एक दिव्य असतें. तेव्हां ती शक्य तितक्या लौकर मागावी, व मागितल्याचा पुरावा जपून ठेवावा.

त्या अर्जांत धर्माचा एक रकाना असतो. त्याचा संबंध करवसुलीशीं आहे. जर्मनींतील मोठ्या ख्रिस्ती चर्चसंस्थांच्या सभासदांकडून सरकार आयकरावर बायर्न व बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या प्रांतांत शेंकडा ८, व इतरत्र शेंकडा ९ इतका चर्च-कर वसूल करून तो त्या संस्थांस देतें. वसईच्या वा गोव्याच्या कॅथलिक कुटुंबांतून गेलेल्यांनीं हें ठाऊक ठेवूनच रकाना भरावा. हिंदु माणसास हा कर लागत नाहीं.

आतां नांवाविषयीं. जर्मन इमारतींत बिऱ्हाडांस बहुधा क्रमांक नसतात. टपालवाला घंटेवरील व पत्रपेटीवरील आडनांव वाचतो आणि त्या पेटींत पत्र टाकतो; नांव नसेल तर पत्र परत जातें. म्हणून किल्ली हातीं येतांच पहिलें काम कोणतें, तर पेटीवर नांव लावणें. दुसऱ्याच्या बिऱ्हाडांत खोली घेतली असेल तर त्याच्या नांवाखालीं आपलेंही लावावें. यांत मराठी कुटुंबांची एक खास अडचण आहे. आपल्या पासपोर्टांत स्वतःच्या नांवास लागून वडिलांचें किंवा पतीचें नांव एकाच रकान्यांत लिहिलेलें असतें, आणि जर्मन कारकून तीं दोन्ही नांवें त्या एकाच व्यक्तीचीं समजतो. नाशिकच्या एखाद्या मुलीस पत्रावर आपल्या नांवाशेजारीं तीर्थरूपांचें नांव पाहून गंमत वाटते. पण बँकेंत एक लेखन, विम्यांत दुसरें आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर तिसरें असें झालें कीं गमतीचा गोंधळ होतो. पासपोर्टांत असेल तेंच लेखन सगळीकडे ठेवावें. पत्नीनें माहेरचें आडनांव कायम ठेवलें असल्यास पेटीवर दोन्ही आडनांवें हवींत.

या पेटीचें एवढें माहात्म्य कां, हें समजल्याशिवाय तेथील व्यवहार समजत नाहीं. पेटींत पडलेलें पत्र पोंचलें असें कायदा मानतो; तें उघडलें कीं नाहीं हा प्रश्न कायद्याचा नव्हे. सरकारी कचेरीनें साध्या टपालानें धाडलेला निर्णय चौथ्या दिवशीं पोंचला असें गृहीत धरलें जातें. (१ जानेवारी २०२५ पूर्वीं हे तीन दिवस होते.) कराच्या आकारणीवर तक्रार करावयाची तर त्यापुढें एक महिना मिळतो. याहून कडक प्रकार पिवळ्या पाकिटाचा. त्यावर टपालवाला स्वतः तारीख लिहितो आणि त्या तारखेपासून मुदत चालूं लागते. न्यायालयाच्या कांहीं हुकुमांच्या बाबतींत ही मुदत अवघी दोन आठवड्यांची असते. तें पाकीट फेंकून देऊं नये, कारण मुदतीचा पुरावा तेंच.

समजा, एखादें जोडपें बहिणीच्या लग्नासाठीं पांच आठवडे नागपुरास आलें. इकडे हळद, सीमांतपूजन, मांडवपरतणें चाललें आहे. तिकडे पेटींत कराचा हिशेब, वीज कंपनीचें स्मरणपत्र आणि एक पिवळें पाकीट एकावर एक सांचत आहेत. परत गेल्यावर मुदत संपलेली! प्रवासामुळें मुदत टळली असें सांगून ती पुन्हां मागतां येते, पण त्यासाठीं त्वरेनें अर्ज करावा लागतो, पुरावे जोडावे लागतात, आणि मान्य होईलच असा भरंवसा नसतो. त्यापेक्षां निघण्यापूर्वीं एखाद्या विश्वासू शेजाऱ्याच्या हातीं पेटीची किल्ली द्यावी, किंवा टपालखात्याची पत्रें राखून ठेवण्याची सोय पैसे भरून घ्यावी. उत्तर मात्र नेहमीं लेखी द्यावें. टेलिफोनवर कारकून कितीही गोड बोलला तरी तें बोलणें दफ्तरांत राहत नाहीं. राहण्याच्या परवान्याचेंही तसेंच. जुना परवाना संपण्यापूर्वीं नव्याचा अर्ज दाखल झाला असेल तर निर्णय होईपर्यंत पहिलाच चालू मानला जातो व तसा दाखला मिळतो. एक दिवस उशीर झाला तर हें संरक्षण धोक्यांत येतें.

घर पाहतांना भाड्याचे दोन आंकडे दिसतात. नुसत्या जागेचें तें थंड भाडें. पाणी, जिन्याची झाडलोट, कचरा आणि बहुधा तापवणी मिळविली म्हणजे गरम भाडें. विजेचें बिल त्याहून वेगळें येतें. वर्षाचा हिशेब मागाहून होतो आणि फरक द्यावा वा घ्यावा लागतो, म्हणून पहिल्या वर्षीं थोडी रक्कम बाजूस असावी. दोन खोल्यांचें घर म्हणजे बैठक आणि निजण्याची खोली. स्वयंपाकघर व न्हाणीघर मोजणींत धरीत नाहींत. त्या स्वयंपाकघरांत शेगडीच काय, कधीं कधीं ओटाही नसतो, आणि छतांतून दिव्याच्या नुसत्या तारा लोंबतात. जुना भाडेकरी आपलें स्वयंपाकघर उचलून घेऊन गेलेला असतो! अनामत रक्कम थंड भाड्याच्या तिपटीहून अधिक घेतां येत नाहीं, व ती तीन मासिक हप्त्यांनीं देण्याचा भाडेकऱ्यास हक्क आहे. घर न पाहतां, किल्ली न मिळतां कोणी पैसे मागूं लागला तर तो ठग समजावा. ताबा घेतांना भिंतीवरील प्रत्येक ओरखडा व मीटरांचे आंकडे कागदावर उतरवून दोघांनीं सह्या कराव्या; घर सोडतांना अनामत परत मिळते ती याच कागदाच्या बळावर. सोडण्याची सूचना तीन महिने आधीं, कागदावर, शाईच्या सहीनें द्यावी लागते, आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाकडे पोंचली तरच तो महिना धरला जातो. ई-मेल चालत नाहीं.

हिवाळ्यांत खिडक्या बंद ठेवून फोडण्या दिल्या कीं वाफ भिंतींवर साठून बुरशी धरते, आणि तिचा खर्च भाडेकऱ्याच्या अंगावर येऊं शकतो. दिवसांतून दोनतीन वेळां सर्व खिडक्या सताड उघडून पांचदहा मिनिटें वारा खेळूं देणें हा तेथील रिवाज आहे, आणि तो शहाणपणाचा आहे.

सर्वांत जपून करावयाचा निर्णय प्रकृतीच्या विम्याचा. विमा सक्तीचा आहे. सार्वजनिक विमासंस्थांचा मूळ दर पगाराच्या शेंकडा १४.६ असून त्यावर प्रत्येक संस्थेचा थोडा जादा आकार असतो; एकंदर रकमेंतील निम्मा भार नोकरी देणारा उचलतो. न कमावणारी पत्नी वा पति व मुलें यांस त्याच वर्गणींत संरक्षण मिळतें. पगार ठराविक मर्यादेपलीकडे गेला म्हणजे खासगी विम्याचें दार उघडतें, आणि सत्तावीस वर्षांच्या, निरोगी, सड्या तरुणास तेथील हप्ता मोहक वाटतो. परंतु खासगी विम्यांत दर माणशीं निराळा हप्ता पडतो, वयाबरोबर तो चढत जातो, आणि सार्वजनिक विम्यांत परतणें अवघड होऊन बसतें. पंचावन्न वर्षें उलटल्यावर तें दार जवळजवळ मिटतेंच. ज्यास पुढें संसार करावयाचा आहे त्यानें आजच्या हप्त्याची तुलना आजच्याच पगाराशीं करून भागत नाहीं. भेटीस येणाऱ्या आईवडिलांसाठीं निराळा प्रवासी विमा लागतो. तो निदान ३०,००० युरोंचा असावा ही व्हिसाची अट आहे. पण मधुमेहासारखा जुना विकार त्यांत बहुधा वगळलेला असतो, हें अर्जाखालचा बारीक मजकूर वाचून आधींच पाहावें. रुग्णवाहिकेस व आगीच्या बंबास ११२, पोलिसांस ११०, आणि जिवावरचें दुखणें नसून दवाखाने बंद असतील तेव्हां ११६११७, हे क्रमांक आल्या दिवशीं भिंतीवर लिहून ठेवावे.

पत्ता नोंदला गेला कीं थोड्याच दिवसांत नभोवाणीच्या वर्गणीचें पत्र येतें. घरांत रेडिओ नाहीं ही सबब चालत नाहीं. २०१३ पासून ही वर्गणी बिऱ्हाडावर आहे, यंत्रावर नव्हे. एका बिऱ्हाडांत चौघे राहत असले तरी एकानेंच भरावयाची, व इतरांनीं त्याचा वर्गणी-क्रमांक कळवावयाचा. आपल्याकडेही एके काळीं रेडिओस परवाना लागत असे, हें आठवणाऱ्यांस याचें नवल वाटणार नाहीं. टेलिफोन, व्यायामशाळा वगैरेंचे करार आपोआप पुढें चालूं राहतात. १ मार्च २०२२ पासून केलेल्या करारांस पहिली मुदत संपल्यावर एका महिन्याच्या सूचनेनें रजा देतां येते, पण सूचना दिली पाहिजे. आपल्या देशाचा मोटार चालविण्याचा परवाना तेथें बिऱ्हाड केल्यापासून सहा महिनेच चालतो. पुढें लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

रविवारीं दुकानें बंद असतात. रविवारच्या विश्रांतीचें कलम १९१९ च्या राज्यघटनेंत होतें, तेंच १९४९ च्या घटनेंत कायम झालें. शनिवारीं दूध आणावयास विसरलेल्यास मोठ्या रेल्वेस्थानकावरील दुकानाचाच आधार. त्या दिवशीं भिंतीस भोक पाडूं नये व कांचेच्या बाटल्या रस्त्यावरील पिंपांत खणखणत टाकूं नयेत. शेजारी तक्रार करितात. पाण्याच्या वा सरबताच्या प्लॅस्टिक बाटलीवर बहुधा २५ सेंटांची ठेव असते. बाटली दुकानांतील यंत्रांत घातली कीं ठेव परत मिळते, आणि जुन्या बाटल्या विकण्याची संवय असलेल्या आपल्या माणसांस हा व्यवहार एका दिवसांत अंगवळणीं पडतो.

बोलण्यांत परक्या माणसास 'झी' म्हणावयाचें, 'डू' नव्हे. तुम्ही आणि तूं यांतील अंतर ज्यास लहानपणापासून ठाऊक आहे त्यास हें शिकवावें लागत नाहीं. इंग्रजीच्या वळणानें जर्मन शिकलेलाच तेथें अडखळतो. घड्याळाचेंही तसेंच आहे. 'हाल्ब द्राय' याचा शब्दशः अर्थ अर्धा तिसरा, म्हणजे अडीच वाजले. आपला अडीच हा शब्दही संस्कृत 'अर्धतृतीय' यावरूनच आला आहे. दोन पुरे व तिसरा अर्धा. मात्र पुढें आपण साडेतीन म्हणूं लागतों आणि जर्मन आपली जुनीच रीत चालवून 'हाल्ब फीर', म्हणजे अर्धा चौथा, असें म्हणतो. तें साडेचार समजून डॉक्टरकडे गेलेला रोगी एक तास उशिरा पोंचतो व दारांतून परत येतो. वेळ ठरवितांना ती आंकड्यांत लिहून मागावी. १५:३० असें कागदावर आलें म्हणजे शंका उरत नाहीं.