नॅनो: नवी रचना आणि ग्राहकांचा विश्वास

टाटा मोटर्सने १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत नॅनो ही स्वस्त छोटी मोटार सादर केली. दुचाकीवर दाटीवाटीने जाणाऱ्या कुटुंबाला सुरक्षित चारचाकी मिळावी, हा रतन टाटांचा हेतू होता. ६२४ सीसीचे इंजिन मागे होते आणि सुरुवातीच्या गाड्यांना उघडणारी डिकी नव्हती. सामान मागचे सीट दुमडून ठेवावे लागे. काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्यांनी लोक बिचकले. कंपनीने २०१० मध्ये जादा सुरक्षा भाग मोफत बसवून दिले, वॉरंटीही वाढवली. पण ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हा शिक्का पुसला गेला नाही. २०१८ च्या अखेरीस उत्पादन थांबले.

नांदेड-लातूरसारख्या शहरांत गाडीवरचा भरवसा नुसत्या रचनेवर नव्हे, तर जवळचे सर्व्हिस सेंटर, सहज मिळणारे सुटे भाग आणि जुन्या गाडीला येणारी किंमत यांवर ठरतो. नव्या रचनेला हा विश्वास कमवावाच लागतो.