गावाचा नकाशा आणि गावकरी

'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपण नेहमी ऐकतो. परंतु कोणत्या जमिनीवर शेती राहावी, कोठे घरे व्हावीत, शाळा, रस्ता वा बाजार यांसाठी कोणती जागा राखावी, हे ठरताना गावाला विचारले जाते काय?

याचे उत्तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यात आहे. शहरासाठी विकास योजना आणि मोठ्या प्रदेशासाठी प्रादेशिक योजना, असे दोन नकाशे हा कायदा सांगतो. दोहोंचे प्रारूप आधी प्रसिद्ध करावे लागते. त्यावर कोणाही नागरिकाला, तो जमीनमालक असो वा नसो, लेखी हरकत घेता येते. शहराच्या योजनेवरील हरकती नियोजन समिती ऐकते. तीत स्थायी समितीचे तीन सभासद आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात.

मुदत टळली तर? आरक्षित जागेवर मालकाला मनाजोगे बांधकाम करता येत नाही. योजना अंमलात येऊन १० वर्षे लोटली व जागा संपादित झाली नाही, तरच 'जागा घ्या, नाहीतर मोकळी करा' अशी सूचना कलम १२७ खाली देता येते. एका अर्जाचा आळस असा दहा वर्षे पुरतो!

समितीने हरकत मान्य केलीच पाहिजे, असे मात्र बंधन नाही. तरीही लोकमत वाया जात नाही. गोव्यात 'प्रादेशिक आराखडा २०११' लोकांच्या आंदोलनानंतर शासनाने २००७ च्या जानेवारीत मागे घेतला; पुढील आराखड्याच्या वेळी ग्रामपंचायतींची मते मागविण्यात आली. मुंबईच्या विकास आराखड्याचे प्रारूपही चुका दाखविल्या गेल्यावर एप्रिल २०१५ मध्ये रद्द झाले व नव्याने करावे लागले.

बुलढाणा तालुक्यातील आपल्या धाडसारख्या गावी याची पहिली शाळा म्हणजे ग्रामसभा. मतदारयादीतील प्रत्येक जण तिचा सभासद असतो. आराखडा ठरविण्याचा अधिकार तिला नसला, तरी तिचा ठराव हरकत म्हणून पाठविता येतो.

अर्जात गट क्रमांक, नकाशातील आरक्षण, हरकतीचे कारण व सुचविलेला पर्याय एवढे लिहावे आणि पोच घ्यावी. नकाशा वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला हे काम सुशिक्षित तरुणानेच करून द्यावयास नको काय?