बैल विकण्याआधी चिठ्ठी घ्या

मुलाला हृदयाचा विकार किंवा कॅन्सर निघाला, की आपल्या जोयड्यातील गरीब शेतकऱ्याला आधी बैल विकावेसे वाटतात. त्याआधी बी.पी.एल. रेशनकार्ड व आधार कार्ड घेऊन मुलाला तालुक्याच्या सरकारी इस्पितळात न्यावे. २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत अशा कुटुंबाला ठरलेल्या आजारांवर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. मोठ्या इस्पितळासाठी सरकारी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. जीव धोक्यात असेल तर मात्र चिठ्ठीसाठी न थांबता योजनेतील इस्पितळ गाठावे. अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत मुलांच्या तपासणीला डॉक्टर येतात, त्या दिवशी मूल घरी ठेवू नये.

हुबळीचे बसभाडे आणि बुडालेली मजुरी या कार्डावर मिळत नाही. तो भार आपण शेजाऱ्यांनी वाटून घेऊ. त्या घरची लावणी आपणच उरकून देऊ.